गोरसपाकाचा पुडा

पवनारला धाम नदीच्या काठी, विनोबांच्या आश्रमाच्या पायऱ्यांवर आई बराच वेळ बसून होती. दुपारचे ताट तिने जवळजवळ तसेच परत केले होते. वडील गेल्यापासून गेले सहा महिने हेच चालले आहे. तपासण्या झाल्या, वाढत्या वयात वजन विनाकारण उतरू लागले, तर ते अंगावर काढू नये, हे आम्हाला ठाऊक होते. अहवालांत काही गंभीर आढळले नाही. मग मी महागडी पौष्टिक पावडर आणली, तक्ते केले, वेळा बांधल्या. आई मुकाट्याने दोन घास घेई आणि पाण्याचा पेला पुढे ओढी.

परतीच्या वाटेवर तिने एकच गोष्ट मागितली. “वर्ध्यात गोरस भांडार अजून आहे का ग?”

वर्धा तिथून दहा किलोमीटरांच्या आतच. फ्रान्समधल्या गल्लीबोळांतील निवडक खाद्यपदार्थांच्या दुकानांची वर्णने मी हौसेने वाचते. आपल्या आईच्या माहेरच्या जिल्ह्यातले असे दुकान मात्र मी पन्नाशी उलटल्यावर प्रथम पाहिले. त्याला सजावट अशी नाहीच. गांधीजी आणि जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवेचे जे काम मांडले, त्या विचारातून आलेली ही परंपरा. तिचा सगळा डौल गाईचे दूध, तूप आणि गोरसपाक यांत. गाईच्या तुपातला हा खुसखुशीत, बिस्किटासारखा पदार्थ वर्ध्याबाहेर गेलेली माणसे आजही आवर्जून मागवतात.

मी आत जाऊन खरेदी करणार होते. आई म्हणाली, “थांब, मी मागते.” तिने पुडा मागितला, तो ताजा आहे का ते विचारले, आपल्या बटव्यातून पैसे मोजून दिले आणि सुटे पैसे परत मिळाल्यावर तेही मोजले. सहा महिन्यांत तिने स्वतः विकत घेतलेली ही पहिली खाद्यवस्तू होती. तिला काय खायचे आहे, हे मी एवढ्या काळात एकदाही विचारले नव्हते, ही गोष्ट मला तिथे उभी असताना टोचली.

वयाबरोबर गंध आणि चव यांची जाणीव मंदावते. काही औषधांनी तोंड कोरडे पडते. कवळी हलत असेल तर चावण्याचाच कंटाळा येतो. अशा माणसापुढे भरलेले ताट ठेवले की ते पाहूनच भूक मरते. ओळखीच्या वासाचा लहानसा घास पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. अर्थात गोरसपाक हे औषध नव्हे. त्यात तूप आहे, साखर आहे. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर तो दिवसाच्या आहारात किती बसवायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. कोरडा तुकडा घशाशी अडकू शकतो, म्हणून आम्ही तो कोमट दुधात भिजवून देतो. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र आधी तपासणी हवी.

पुढे एका साध्या किराणा दुकानात आई पुन्हा थांबली. तिला वायगावची हळद हवी होती. वर्धा जिल्ह्यातीलच समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पुडी नाकाशी धरून ती म्हणाली, “उद्या वरण मी करीन.” फोडणीतली चिमूटभर हळद निराळी आणि हळदीच्या गोळ्या निराळ्या, एवढे इथे सांगून ठेवते, रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्यांनी त्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत.

त्या रात्री आईने दुधात बुडवून दोन गोरसपाक खाल्ले. तिसरा तिने माझ्या हातावर ठेवला आणि माहेरी असा पुडा आला की भावंडांत वाटण्या कशा होत, ते सांगू लागली. वडिलांना यातले काही आवडत नसे, हेही हसून सांगितले. वडिलांचे नाव घेताना ती हसली, हे किती दिवसांनी ऐकत होते!

सकाळी मी उठले तेव्हा स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. आईने वरण केले होते, आणि ते किंचित खारट झाले होते. आम्ही दोघींनी ते भातावर घेऊन खाल्ले.