फॉर्म भरण्याआधी काम पाहू द्या

दहावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न निघतो: सायन्स की कॉमर्स? आयटीआयचे नाव काढले की अब्बांचा चेहरा उतरतो. का बरे? हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करीत, हे आपणच मुलांना सांगतो. इलेक्ट्रिशियन, फिटर हे कोर्स दोन वर्षांचे. पुढे अॅप्रेंटिसशिपमध्ये शिकता शिकता विद्यावेतनही मिळते. कोकणातून आखातात जाणाऱ्या मुलाकडे हुनराचे प्रमाणपत्र नसेल, तर तो हेल्परच राहण्याची भीती असते. आमचे म्हणणे इतकेच: सुट्टीत मुलांना, आणि मुलींनाही, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात, दुकानाच्या हिशेबाशी चार दिवस बसवू या. काय आवडले, काय झेपेल, ते त्यांनाच विचारू या. फॉर्म मग भरू या.