लोकेशन बंद केल्यानंतर उरणारा माग

स्मार्टफोनवरून ठेवल्या जाणाऱ्या पाळतीचा विषय निघाला की पाळत ठेवणारा कोणी एकच असतो आणि त्याचा डोळा झाकायला फोनमधले एखादे बटण पुरते, असे बहुधा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात मोबाइल कंपनी, फोनची कार्यप्रणाली पुरवणारी कंपनी, ॲप तयार करणारे, जाहिरातींसाठी माहितीची खरेदी-विक्री करणारे दलाल, तपास यंत्रणा आणि पुष्कळदा घरातलेच माणूस, अशा निरनिराळ्या हातांत निरनिराळ्या वाटांनी माहिती जात असते आणि एक वाट बुजवली म्हणून दुसरी बुजत नाही. या विषयातले बहुतेक गैरसमज याच एका चुकीतून उगवलेले आहेत.

त्यांपैकी सर्वांत पसरलेला समज असा की, आकाशातले उपग्रह फोनवर नजर ठेवतात आणि म्हणून जीपीएस बंद केले की ठावठिकाणा कोणालाच कळत नाही. जीपीएसचे उपग्रह केवळ स्वतःची जागा आणि अचूक वेळ सांगणारे संदेश प्रसारित करतात. किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून फोन आपले स्थान आपणच काढतो आणि उपग्रहाला त्या फोनचा पत्ताही नसतो. म्हणजे धोका आकाशातून येत नाही, तर फोनने काढलेले हे स्थान एखादे ॲप इंटरनेटवरून बाहेर पाठवते तेव्हा तो निर्माण होतो. याउलट मोबाइल टॉवरचा जीपीएसशी काहीही संबंध नाही. आलेला कॉल नेमका कोणत्या टॉवरकडे वळवायचा हे कळण्यासाठी चालू फोनला जाळ्यात सतत आपली हजेरी लावावीच लागते आणि जुना बटणांचा फोनही त्याला अपवाद नाही. शहरात टॉवर एकमेकांपासून काहीशे मीटरवर असल्याने टॉवरवरून बांधलेला ठिकाणाचा अंदाज वस्तीपर्यंत पोहोचतो, तर ग्रामीण भागात तो काही किलोमीटरपर्यंत सैल राहतो. ‘टॉवर लोकेशनवरून माग काढला’ असे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या गुन्हेवृत्तांत वारंवार येते, त्याचा आधार कॉल आणि इंटरनेट वापराच्या याच नोंदी असतात, आणि भारतात त्या जपून ठेवण्याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एका वर्षावरून किमान दोन वर्षे करण्यात आली. सिम बदलल्याने माग तुटतो हा समजही टिकत नाही, कारण फोनला स्वतःचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो आणि नवे सिम घातले तरी तोच क्रमांक जाळ्याला दिसत राहतो.

लोकेशनचे बटण म्हणजे सर्व काही नव्हे, हे ऑगस्ट २०१८ मध्ये ठळकपणे पुढे आले. ‘लोकेशन हिस्टरी’ हा पर्याय बंद केल्यावरही गूगलच्या काही सेवा ‘वेब आणि ॲप ॲक्टिव्हिटी’ या दुसऱ्याच पर्यायाखाली ठिकाणांच्या नोंदी ठेवत असल्याचे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, आणि २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतील ४० राज्यांशी ३९ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड केली. गूगलच्या खात्यात हे दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे तपासावे लागतात. फोन बंद करणे हा तरी अखेरचा उपाय असावा, असे वाटणे साहजिक आहे. पण हरवलेला फोन सापडावा म्हणून अलीकडच्या आयफोनमध्ये बंद स्थितीतही क्षीण ब्लूटूथ संकेत सोडण्याची सोय असते. ती नको असल्यास फोन बंद करतानाच तसे सांगावे लागते.

‘नोंदी असल्या तरी त्यांत नाव कुठे असते?’ हा युक्तिवाद कंपन्याही करतात आणि तो सर्वांत फसवा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी मोबाइल नोंदी अभ्यासण्यात आल्या, तेव्हा टॉवरइतके ढोबळ ठिकाण आणि तासाइतकी ढोबळ वेळ असूनही, चार नोंदी हाती असल्या की ९५ टक्के लोक इतरांपासून वेगळे ओळखू येतात, असे आढळले. यात नवल नाही, कारण रात्री एका इमारतीत आणि दिवसा दुसऱ्या एका कचेरीत असणारा फोन सहसा एकच असतो. या नोंदींना दोऱ्यासारखे ओवण्याचे काम जाहिरात ओळखक्रमांक करतो. प्रत्येक फोनला दिलेला हा लांबलचक क्रमांक वेगवेगळी ॲप वाचू शकतात आणि त्याच्या आधारे दलाल एकाच व्यक्तीची विखुरलेली माहिती एकत्र जुळवतात. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून तो पुसता येतो, तर आयफोनवर २०२१ पासून ॲपला तो वाचण्याआधी परवानगी विचारावी लागते.

परवानगीची चौकट म्हणजे संरक्षण, हेही नेहमीच खरे नसते. फोनच्या दिव्याची बॅटरी करणाऱ्या ‘ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट’ या ॲपवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये कारवाई केली, तेव्हा उघड झाले की कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेले हे ॲप वापरणाऱ्याचे नेमके ठिकाण जाहिरात कंपन्यांना पाठवत होते आणि पडद्यावर ‘मान्य’ व ‘नकार’ ही दोन बटणे दिसत असतानाच, त्यांतले एकही दाबण्यापूर्वी, माहिती निघूनही गेलेली असे. उजेड पाडण्यासाठी ठिकाण कशाला हवे, हा साधा प्रश्न प्रत्येक ॲपला लावून पाहण्यासारखा आहे. आता कार्यप्रणालीची चौकट ॲपच्या हाती नसल्याने ती अधिक भरवशाची झाली आहे; हवामानाच्या ॲपला अचूक ठिकाणाऐवजी अंदाजे ठिकाण देता येते आणि परवानगी केवळ ॲप वापरत असतानापुरती किंवा फक्त एका वेळेपुरती ठेवता येते.

फोन चोरून बोलणे ऐकतो आणि मग त्याच वस्तूची जाहिरात दाखवतो, हा समज तर जवळजवळ सर्वमान्य झाला आहे. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा एकानेही गुपचूप मायक्रोफोन सुरू करून ध्वनी बाहेर पाठवल्याचे आढळले नाही. मात्र काही ॲप पडद्यावरच्या हालचालींची चित्रे किंवा चित्रफिती परस्पर तिसऱ्याच कंपनीकडे पाठवत असल्याचे दिसले. जाहिरात जुळते ती बहुधा अन्य मार्गांनी: जिच्याशी बोलणे झाले त्या व्यक्तीने ती वस्तू शोधलेली असते, दोन्ही फोन एकाच वाय-फायवर आलेले असतात आणि संपर्कयादीतून दोघांचे नाते कंपनीला आधीच ठाऊक असते. कानाची भीती बाळगणारा माणूस ही यादी मात्र मागेल त्या ॲपला देऊन टाकतो, म्हणून हा गैरसमज निरुपद्रवी मानता येत नाही.

‘इनकॉग्निटो’ खिडकीविषयी थोडक्यात सांगता येईल. ती फक्त त्या फोनवरचा इतिहास ठेवत नाही. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवठादाराला भेट दिसतेच.

संदेश कुलूपबंद असतात, मग काळजी कशाला, असाही एक विश्वास आहे. पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज वाटेत कोणालाही मजकूर वाचता येऊ नये अशी कूटबद्धता व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्वांसाठी लागू केली आणि ती भक्कम आहे. परंतु कोण, कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोलले ही बाह्य माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. शिवाय मजकूर फोनवर उघडला जातो तिथे तो उघडाच असतो. पेगासस या इस्रायली हेरसॉफ्टवेअरने नेमके हेच टोक गाठले: २०१९ मध्ये सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आले, त्यांत भारतीयही होते आणि आलेला व्हॉट्सॲप कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. पेगाससच्या चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच होते असा निष्कर्ष निघाला नाही. असली महागडी हत्यारे निवडक लोकांवरच वापरली जातात. सामान्य घरांत, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला येणारी पाळत याहून कितीतरी साधी असते: दोन मिनिटे फोन हातात घेऊन व्हॉट्सॲप दुसऱ्या संगणकाला जोडून ठेवणे किंवा नकाशाच्या ॲपमधून ठिकाण कायमचे स्वतःला दिसेल असे करणे. व्हॉट्सॲपमधील जोडलेल्या उपकरणांची यादी आणि नकाशातील ठिकाण-वाटपाचे पान पाहिले की ती उघडकीस येते. परंतु हिंसेची भीती असेल तिथे ती तोडण्याआधी सुरक्षित आसऱ्याचा विचार करावा लागतो, कारण पाळत तुटल्याचे पाळत ठेवणाऱ्याला लगेच कळते.

‘लपवण्यासारखे काही नाही त्याला भीती नाही’ हे म्हणणे गोपनीयतेला अपराध्याची सोय ठरवते, आणि भारतीय कायद्याची भूमिका तशी नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्याच आधारावर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी चोरून ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतीही कायदेशीर अट पूर्ण होत नव्हती, आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जामिनाची एक अट आली होती, तिच्यानुसार आरोपीने गूगल नकाशावर पिन टाकून आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असे ठेवायचे होते. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी अट जगण्याच्या अधिकाराच्या विरोधात जाते, असे ठरवून ती काढून टाकली. आणि त्याच सुनावणीत गूगलने प्रतिज्ञापत्राद्वारे कळवले होते की, नकाशावर टाकलेल्या पिनमुळे कोणाचाही प्रत्यक्ष वेळेत माग काढताच येत नाही.