बंदराची राखण करणारी ‘सर्बरस’

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनारासंरक्षक युद्धनौका हा जहाजांचा एक स्वतंत्र वर्ग उदयास आला. दूरच्या समुद्रावर जाऊन शत्रूशी झुंजणे हे या जहाजांचे काम नव्हते. एखाद्या बंदराच्या तोंडाशी उभे राहून त्याची राखण करणे एवढ्यासाठीच ती बांधली जात, आणि काम असे मर्यादित असल्यामुळेच त्यांतील काहींना दीर्घ आयुष्य लाभले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया वसाहतीची ‘सर्बरस’ हे त्याचे ठळक उदाहरण होय.

1851 मध्ये सोन्याच्या खाणी सापडल्यावर व्हिक्टोरियाची भरभराट झाली, पण तिची राजधानी मेलबर्न ज्या पोर्ट फिलिप उपसागरावर वसली आहे, तो सागरी हल्ल्यांपुढे उघडाच होता. 1865 मध्ये अमेरिकी यादवीतील दक्षिणी राज्यांची ‘शेनॅंडोआ’ ही युद्धनौका थेट मेलबर्नला येऊन थांबली, तेव्हा ही उणीव सर्वांच्या डोळ्यांत भरली. व्हिक्टोरियाने ब्रिटिश सरकारकडे चिलखती नौकेची मागणी केली आणि खर्चाचा मोठा वाटा ब्रिटनने उचलला. एडवर्ड रीड यांच्या आराखड्यानुसार टाइन नदीकाठच्या जॅरो येथे ही नौका बांधली गेली आणि 1868 मध्ये तिचे जलावतरण झाले.

अमेरिकेत नुकत्याच पुढे आलेल्या ‘मॉनिटर’ प्रकारच्या नौका पाण्यालगत ठेंगण्या असत आणि त्यांच्या तोफा फिरत्या चिलखती बुरुजात बसवलेल्या असत. मात्र समुद्र खवळला की डेकवरील झडपांतून पाणी आत शिरे. रीड यांनी डेकच्या मधोमध जाड लोखंडी चिलखताचा उंच कठडा उभारून बुरुजांचे तळ, धुराडे आणि झडपा त्याच्या आत घेतल्या. कठड्याच्या दोन टोकांना दोन बुरूज होते व प्रत्येकात 10 इंच व्यासाच्या, प्रत्येकी सुमारे 18 टन वजनाच्या दोन तोफा होत्या, ज्यांचा एक गोळा सुमारे 180 किलोचा असे. लढाईच्या वेळी टाक्यांत समुद्राचे पाणी भरून जहाज आणखी खाली बसवता येई, म्हणजे शत्रूला नेम धरण्यासाठी फारसे काही उरत नसे. नौका पूर्णपणे वाफेच्या इंजिनांवर चालणारी होती. केवळ मेलबर्नपर्यंतच्या प्रवासासाठी तिच्यावर तात्पुरत्या डोलकाठ्या आणि शिडे चढवावी लागली. सुएझ कालव्यातून येऊन 9 एप्रिल 1871 रोजी ती पोर्ट फिलिपमध्ये दाखल झाली.

त्यानंतर तिने युद्धात एकदाही तोफ डागली नाही. नव्या पद्धतीच्या तोफांपुढे तिची शस्त्रे लवकरच जुनी झाली, तरी ती मोडीत निघाली नाही, कारण प्रशिक्षण, पहारा आणि साठवण यांसाठी तिचे भक्कम अंग उपयोगीच होते. 1901 मध्ये वसाहतींचे संघराज्य झाल्यावर ती त्याच्या नौदलाकडे गेली आणि पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग पहाऱ्याची नौका व दारूगोळ्याचे कोठार म्हणून झाला. 1921 मध्ये तिचे नाव नौदलाच्या प्रशिक्षण तळाला देण्यात आले आणि ती ‘प्लॅटिपस-2’ या नावाने पाणबुड्यांची सेवानौका बनली. 1924 मध्ये ती भंगारासाठी विकली गेली, परंतु उरलेला सांगाडा स्थानिक नगरपालिकेने घेऊन 1926 मध्ये ब्लॅक रॉक येथील हाफ मून बे किनाऱ्याजवळ लाटा अडवणारा बांध म्हणून बुडवला. 1993 मध्ये खालचा भाग खचून बुरूज आणि डेक बरेच खाली बसले. 2005 मध्ये तिचा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत समावेश झाला.

याच आराखड्याची ‘मॅगडाला’ आणि तिच्याशी मिळतीजुळती, थोडी लहान ‘ॲबिसिनिया’ या दोन नौका त्याच काळात मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधल्या गेल्या होत्या. 1868 च्या ज्या ॲबिसिनिया मोहिमेवरून त्यांना ही नावे मिळाली, ती मोहीम मुंबईहूनच निघाली होती. दोघींनी सुमारे तीन दशके मुंबईची राखण केली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विकल्या गेल्या. त्यामुळे मुंबईच्या या जुन्या पहारेकरी नौका कशा दिसत असतील, हे ज्यांना पाहायचे आहे त्यांना आज हाफ मून बेच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या ‘सर्बरस’च्या बुरुजांकडेच पाहावे लागते.