अक्षराची लागण घरीच करा



मूल शाळेत घातले की आपले काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण पहिली-दुसरीत अक्षर कच्चे राहिले की पुढे गणितही अडते आणि पोर शाळेला कंटाळते. मोठेपणी तेच पोर उसाची वजनपावती दुसऱ्याकडून वाचून घेते.

रायगडच्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्याच बोर्डी गावी १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांवाचून, पाने, बिया, शिंपले अशा गावच्याच वस्तूंनी त्यांनी मुलांना शिकवले.

तीच रीत घरी चालते. सगळी बाराखडी आधी घोकून घेऊ नका. काना-मात्रा नसलेले ओळखीचे शब्द घ्या: ऊस, रस, वड, नथ. ओल्या रेतीत बोटाने एकेक अक्षर काढा. 'र' आणि 'स' ओळखू आले की 'रस' आणि 'सर' दोन्ही पोर आपणहून वाचते. मग काना द्या, 'सर'चा 'सार' होतो. नंतर वेलांटी, उकार, मात्रा, जोडाक्षरे शेवटी. एस.टी.च्या पाट्यांवर पेण, रेवस, मुरुड, अलिबाग वाचायला लावा.

रोज पंधरा मिनिटे पुरेत. चुकले तर मारू नका. अक्षर पुन्हा दाखवा. आई-आजीला वाचता येत नसले तरी गोष्ट सांगता येते, पोराचे वाचन कौतुकाने ऐकता येते.

लागणच विरळ झाली तर खोडवा कुठून चांगला येणार? अक्षराचेही तसेच आहे.