परसातील कृत्रिम हिरवळ

बंगळूर शहराला उद्याननगरी हे नाव मिळाले ते तेथील हवेमुळे आणि बागांमुळे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात १७६० साली हैदरअलीने लालबागेचा पाया घातला. पुढे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्रुम्बिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने तेथील बागांना आणि रस्त्यांच्या कडेच्या वृक्षराजीला आजचे रूप दिले. घरापुढे किंवा घरामागे थोडी हिरवळ राखण्याची आवड तेथील मध्यमवर्गात तेव्हापासून रुजली. आज मात्र शहरातील अनेक परसांत दिसणारे हिरवे गवत उगवलेले नसते, तर गुंडाळीतून उलगडून अंथरलेले असते. हे गवत कशाचे बनते, ते स्वतःच्या हाताने कसे बसवावे आणि त्यामुळे काय मिळते व काय गमवावे लागते, याचा विचार येथे केला आहे.

कृत्रिम गवताचा जन्म

कृत्रिम गवताचा इतिहास फार जुना नाही. १९६४ साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरातील एका शाळेच्या मैदानावर ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरण्यात आले. त्यास प्रसिद्धी मिळाली ती १९६६ साली, ह्यूस्टन येथील ‘अ‍ॅस्ट्रोडोम’ या छप्पर असलेल्या क्रीडागारामुळे. तेथील छपराच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या झगमगाटामुळे खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदाने रंगविण्यात आली. परिणामी सूर्यप्रकाश अडला आणि खालचे खरे गवत मेले. त्याच्या जागी नायलॉनचे गवत आले आणि क्रीडागाराच्या नावावरून त्याला ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ हे नाव पडले. भारतीयांना या गवताची ओळख झाली ती काहीशी कटू होती. १९७६ च्या माँट्रिअल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम मैदानावर झाले आणि १९२८ पासून प्रत्येक वेळी पदक मिळविणारा भारतीय संघ सातव्या स्थानावर गेला.

घरगुती वापराचे गवत मैदानावरील गवतापेक्षा वेगळे असते. त्याची पाती बहुधा पॉलिएथिलीनची असतात. तळाशी मातकट रंगाचे कुरळे धागे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ही पाती विणलेल्या कापडात शिवून त्या कापडाच्या पाठीवर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेन यांचा लेप देतात आणि पाणी झिरपावे म्हणून ठरावीक अंतरावर छिद्रे पाडतात. गुंडाळीची रुंदी बहुधा २ मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा फूट असते.

पाण्याचा हिशेब

बंगळूरकर या गवताकडे वळतो याचे पहिले कारण पाणी हे होय. शहराला लागणारे कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून आणि सुमारे ५०० मीटर उंच चढवून आणावे लागते. २०२४ च्या मार्च महिन्यात टंचाई इतकी वाढली की शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेसाठी वापरण्यास बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठेवला.

१३ फूट रुंद आणि १५ फूट लांब असा परसाचा तुकडा उदाहरणादाखल घेऊ. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस मीटर भरते. ऐन उन्हाळ्यात हिरवळीतून दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी उडून जाते असे धरल्यास, एवढ्या तुकड्याला रोज ९० लिटर, म्हणजे महिन्याला सुमारे २,७०० लिटर पाणी द्यावे लागेल. कृत्रिम गवतास हे पाणी लागत नाही.

तथापि हिशेबाची दुसरी बाजूही आहे. बंगळूरात वर्षाकाठी सुमारे ९७० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे याच तुकड्यावर आकाशातून दरवर्षी १७,००० लिटरहून अधिक पाणी येते. शहराखाली अतिप्राचीन कठीण खडक आहे. लालबागेतील प्रसिद्ध टेकडी याच खडकाची. भूजल साठते ते खडकाच्या वरच्या झिजलेल्या थरात व भेगांत. हा साठा पुन्हा भरावयाचा तर पाऊस मातीतून खाली उतरलाच पाहिजे. काही घरमालक गवताखाली सिमेंट-काँक्रीटची लादी घालतात. त्यायोगे पृष्ठभाग सपाट होतो खरा, पण सगळे पाणी गटारात जाते. वाचविलेल्या पाण्यापेक्षा गमावलेले पाणी अधिक, अशी स्थिती मग होण्याचा संभव असतो. यास्तव गवत बसविण्याच्या कामात वरच्या पात्यांपेक्षा खालच्या थरांना अधिक महत्त्व आहे.

जमिनीची तयारी

कामासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या सरी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील जोराचा पाऊस टाळावा.

प्रथम खुंट्या ठोकून व दोरी ताणून जागेची आखणी करावी. नंतर कुदळ-फावड्याने ४ इंच खोल माती काढावी. या तुकड्यातून सुमारे ६५ घनफूट माती निघेल. ती कुंड्यांसाठी वा झाडांच्या आळ्यांसाठी ठेवावी. हरळीची मुळे आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढणे अत्यावश्यक आहे. लव्हाळ्याचा टोकदार कोंब कापडातूनही वर येऊ शकतो. परसात नारळ, शेवगा किंवा कढीलिंब असल्यास त्याच्या बुंध्याभोवती निदान २ ते ३ फुटांचे वर्तुळ मोकळे सोडावे. मुळे तोडू नयेत.

तळाला घराच्या जोत्यापासून दूर जाणारा उतार द्यावा. १५ फुटांच्या लांबीत २ इंच एवढा उतार पुरेसा होतो. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरली की उतार मोजता येतो. उताराच्या शेवटी शोषखड्डा किंवा पर्जन्यजल मुरविण्याचा खड्डा असावा. बंगळूरात २००९ पासून ठरावीक आकारापुढील भूखंडांवर पर्जन्यजल-संकलन सक्तीचे असल्यामुळे अनेक घरांत असा खड्डा आधीच असतो. उतार त्याच्याकडे वळविला की झाले. भिंत नसलेल्या बाजूंना विटा उभ्या रोवून कड बांधून घ्यावी.

खडीचे थर

खणलेल्या तळावर न विणलेले, पाणी झिरपू देणारे जाड कापड अंथरावे. ते नसल्यास पहिल्या पावसाळ्यातच तांबडी माती खडीत मिसळते आणि पृष्ठभाग जागोजाग खचतो.

कापडावर २० मिलिमीटर मापाची धुतलेली खडी ३ इंच जाडीने पसरावी. बंगळूरात तिला ‘जल्ली’ म्हणतात. दाताळ्याने ती सारखी करून धुमसाने ठोकावी. तिच्यावर ६ मिलिमीटरची बारीक खडी १ इंच जाडीने घालून पुन्हा ठोकावे. या दोन्ही थरांत दगडाची भुकटी मिसळू देऊ नये. भुकटीमुळे पृष्ठभाग घट्ट होतो, परंतु खडीमधील पोकळ्या बुजतात. आणि या पोकळ्याच पाणी साठवितात. ३ इंच खडीत सुमारे ४० टक्के पोकळी धरली, तर ३० मिलिमीटर पाऊस, म्हणजे या तुकड्यापुरते सुमारे ५५० लिटर पाणी, तेथे काही काळ थांबून सावकाश जमिनीत मुरते. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १,८०० लिटर पाणी येईल. मुरल्यावर उरेल ते उताराने शोषखड्ड्याकडे जाईल.

शेवटी एक लांब सरळ फळी पृष्ठभागावर फिरवून उंचसखल जागा शोधाव्यात. गवत बसविल्यानंतर खळगा भरणे कठीण असते.

गवत बसविणे

गुंडाळी उलगडून काही तास उन्हात पसरून ठेवावी. तिच्या वळ्या सैल होतात. साडेसहा फुटी दोन पट्टे शेजारी ठेवले की आपला १३ फुटांचा तुकडा भरतो व सांधा एकच येतो. दोन्ही पट्ट्यांची पाती एकाच दिशेने झुकलेली असली पाहिजेत. दिशा उलट झाल्यास एकाच गुंडाळीचे दोन पट्टे भिन्न रंगांचे भासतात, आणि ही चूक नंतर झाकता येत नाही. पाती घराकडे झुकतील असे पट्टे ठेवल्यास घरातून पाहताना गवत दाट दिसते.

कापताना पट्टा उलटा करून पाठीवरून, शिवणीच्या दोन ओळींमधून धारदार सुरी चालवावी. सांध्याच्या ठिकाणी दोन्ही कडांची एक-दोन ओळींएवढी किनार कापून टाकावी. दोन पट्ट्यांमधील अंतर पात्यांच्या ओळींमध्ये मुळात असते तेवढेच राहिले की सांधा नजरेस येत नाही. खाली सांधपट्टी अंथरून तिच्यावर पॉलियुरेथेनचे चिकटद्रव्य लावावे आणि कडा तिच्यावर दाबाव्यात. पाती चिकटद्रव्यात अडकणार नाहीत याची काळजी घ्यावी. सुकेपर्यंत सांध्यावर विटांचे वजन ठेवावे.

कडांना दर ८ ते १० इंचांवर जस्ताचा मुलामा दिलेले ६ इंची खिळे ठोकावेत. ४ इंच खडी ओलांडून खिळा २ इंच मातीत गेला की पकड बसते. त्यानंतर कोरडी, धुतलेली सिलिका वाळू थोडी थोडी पसरून ताठ ब्रशाने पात्यांच्या उलट दिशेने घासावी. वाळू तळाशी बसून गवतास वजन देते आणि पाती उभी ठेवते. टायरच्या रबराचे दाणे मात्र वापरू नयेत. ते पावसाबरोबर वाहून माती व पाण्यात मिसळतात. याच कारणाने युरोपीय संघाने २०२३ साली मैदानांसाठी अशा दाण्यांच्या विक्रीवर आठ वर्षांच्या मुदतीनंतर बंदी लागू करण्याचा नियम केला.

उष्णता, आग आणि निगा

खरे गवत पानांतून पाणी बाष्परूपाने सोडून स्वतःस थंड ठेवते. प्लॅस्टिकला ते साधत नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ साली झालेल्या मोजणीत कृत्रिम मैदानाच्या पृष्ठभागाचे दिवसाचे सरासरी तापमान सुमारे ४७ अंश सेल्सिअस, तर खऱ्या हिरवळीचे सुमारे २६ अंश आढळले. बंगळूरची हवा एकेकाळी सौम्य मानली जाई. परंतु २०१६ च्या एप्रिलमध्ये तेथेही पारा ३९.२ अंशांवर गेला होता. दुपारचे ऊन थेट पडणाऱ्या परसात लहान मुले वा पाळीव प्राणी अनवाणी खेळणार असतील तर हे गवत बसवू नये. झाडाच्या किंवा इमारतीच्या सावलीत असलेल्या, खरे गवत जिथे धड वाढत नाही अशा जागी ते योग्य ठरते.

पॉलिएथिलीन तुलनेने कमी तापमानास वितळते. दिवाळीतील फुलबाजीची एक ठिणगी कायमचा डाग पाडते. म्हणून पणत्या, फटाके आणि शेगडी यांस तेथे मज्जाव असावा. समोरच्या खिडकीच्या काचेवरून परावर्तित होणारे ऊनही पाती वाकवू शकते. बाकी निगा सोपी आहे. पडलेली पाने झाडावीत, अधूनमधून ब्रश उलटा फिरवावा आणि धूळ पावसाच्या साठविलेल्या पाण्याने धुवावी. कुत्र्याने घाण केलेली जागा ताबडतोब धुणे इष्ट, अन्यथा वाळूत दुर्गंधी राहते.

निवड

उत्तम गवतही कायम टिकत नाही. सामान्यतः ८ ते १५ वर्षांत पाती ठिसूळ होतात आणि हा सगळा पट्टा कचऱ्यात जातो. वेगवेगळी प्लॅस्टिके व लेप एकमेकांस घट्ट चिकटलेली असल्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड असतो. तोपर्यंत खालच्या मातीस पाला मिळत नाही, गांडुळे कमी होतात आणि पक्ष्यांना टिपण्यास काही उरत नाही.

म्हणून सुज्ञ घरमालकाने संपूर्ण परस झाकण्यापूर्वी थांबून विचार करावा. सावलीतला, वावराचा तेवढाच भाग कृत्रिम गवताने झाकून कडेची माती झाडांसाठी मोकळी ठेवणे, हा मध्यम मार्ग बहुतेक घरांना परवडणारा आहे. वर काहीही अंथरले तरी खाली पाणी उतरण्याची वाट उघडी राहिली पाहिजे. कूपनलिका कोरड्या पडू लागलेल्या शहरात प्रत्येक परस हा भूजलाचा एक लहानसा दरवाजा असतो, आणि तो बंद करावयाचा की उघडा ठेवावयाचा हे त्या घराच्याच हाती असते.