आधी जागा, मग गाडी : धानोऱ्याहून समुद्राकाठी कॅराव्हॅनने

धानोऱ्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 930 कोणत्याही दिशेने धरला तरी समुद्राची वाट सापडते. पूर्वेला मुरूमगाव, मानपूर, बालोद करत तो छत्तीसगडमधल्या पुरूरला महामार्ग 30 ला मिळतो. तिथून केशकाळचा घाट, जगदलपूर, कोरापूट आणि मग विशाखापट्टणम. पश्चिमेला गडचिरोली, मूल, चंद्रपूरवरून तो करंजीला पोचतो. पुढे यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरला की रत्नागिरी. पहिली वाट साडेसहाशे-सातशे किलोमीटरची, दुसरी हजार-अकराशेची. कोकण आपल्या राज्यात असले तरी धानोरेकरांना जवळचा समुद्र बंगालचा उपसागरच.

पण कॅराव्हॅनचा बेत अंतरावर ठरत नाही. झोपायला गादी, स्वयंपाकाला ओटा, संडास आणि पाण्याची टाकी असलेली ही गाडी रात्री कुठे उभी राहणार, यावर सारे अवलंबून असते. धाब्यासमोर रात्र काढता येते. चार दिवसांचा मुक्काम नाही. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या तळांचाही, म्हणजे कॅराव्हॅन पार्कचाही, त्यात विचार आहे. म्हणून अंतर जास्त असले तरी आपण रत्नागिरीजवळचे गणपतीपुळे धरू. तिथे पर्यटन विकास महामंडळाचे निवास थेट किनाऱ्याला लागून आहे आणि खासगी निवासही पुष्कळ. आरक्षणाआधी तीन गोष्टी विचारून लेखी घ्याव्यात : आवारात गाडी रात्रभर उभी करू देणार का, 16 अँपिअरचा प्लग मिळेल का, आणि सांडपाणी कुठे सोडायचे. तिन्हींचे उत्तर मिळेपर्यंत गाडी ठरवू नये.

टाकी आणि बॅटरी

हे प्रश्न का, ते हिशेबाने कळते. अंघोळ, भांडी, संडास धरून माणशी 20 ते 25 लिटर पाणी काटकसरीनेच पुरते. चौघांचे दिवसाला 80 ते 100 लिटर झाले. टाकी 100 लिटरची असेल तर ती रोज भरावी लागणार, आणि खालची सांडपाण्याची टाकी त्याच वेगाने भरत जाणार. शिवाय 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो वजन. घाट चढताना टाकी अर्धीच ठेवावी आणि मुक्कामी पोचून भरावी.

विजेचेही तसेच. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची बॅटरी 2,400 वॉट-अवर वीज साठवते. एक किलोवॅट ओढणारा एसी तिच्यावर दोन-अडीच तास चालेल. तेच 25 वॉटचे दोन पंखे, 20 वॉटचे दिवे आणि मोबाईल चार्जिंग असे भागवले तर दहा तासांची रात्र पाऊण युनिटमध्ये निघते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत कोकणात रात्री पंखा पुरतो. एसी प्लग असेल तरच लावायचा.

स्वयंपाकाला पाच किलोचा सिलिंडर बरा. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की तळाशी साचतो; म्हणून हवेची जाळी जमिनीलगत हवी, नुसती खिडकी उघडून भागत नाही. दारे-खिडक्या लावून शेगडी पेटवू नये, आणि थंडीत ऊब म्हणून तर मुळीच नाही. घरच्या टेम्पोत गाद्या आणि शेगडी बसवून जुगाड करण्याचा मोहही टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत.

भरतीची वेळ पंचांगातून

कोकण किनाऱ्यावर जुना आडाखा आहे : तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. पौर्णिमा म्हणजे 15, तिची पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमारास दिवसा आणि रात्रीही समुद्र भरलेला असतो. अष्टमीला भरती सहाच्या आसपास. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते तेव्हा पाणी फार वर चढते आणि फार खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. हा आडाखा विशाखापट्टणमला लावू नये, तिथल्या वेळा वेगळ्या. आणि पाण्यात उतरण्याआधी स्थानिक कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना विचारावे, कारण गणपतीपुळ्याच्या समुद्राची ओढ वरून दिसत नाही आणि तिथे पर्यटक बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत.

गाडी वाळूत घालायची नाही. ओहोटीला वाळू घट्ट वाटते. जड गाडीचे मागचे चाक एकदा फिरले की खड्डा करते, धूर सोडत आणखी खाली बसते, आणि सहा तासांत पाणी येते. शिवाय गुहागर, आंजर्ले, वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चाकाखाली घरटी दबतात आणि हेडलाइटमुळे पिल्ले समुद्राची दिशा चुकतात.

गाडी कुठून घ्यायची

आता शेवटी गाडी. धानोऱ्याहून जाऊन-येऊन 2,200 किलोमीटर होतात. लिटरला आठ-दहा किलोमीटर धरले तर 220 ते 275 लिटर डिझेल, आणि सुट्टीतले चार-पाच दिवस नुसते रस्त्यावर. चंद्रपूर-मूल रस्त्याला जंगल आणि वाघांचा वावर, त्यामुळे तिथे रात्री गाडी चालवणे नको.

त्यापेक्षा नागपूरवरून जाणारी गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी, पुण्याला उतरावे आणि तिथून कॅराव्हॅन भाड्याने घ्यावी. पुण्याहून गणपतीपुळे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. डिझेल तिसऱ्या हिश्श्यावर येते. भाडे ठरवताना चालक कोणाचा, दिवसाला किती किलोमीटर, विमा कोणता आणि संडासाची टाकी रिकामी कोणी करायची, हे करारात लिहून घ्यावे. छतावरच्या एसीसह गाडीची उंचीही विचारावी. किनाऱ्यालगतच्या कोकणी गावांत चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारे रस्ते अरुंद असतात, वर फांद्या आणि वायरी लोंबत असतात, आणि गणपतीपुळ्याजवळच्या आरे-वारेच्या चढ-उतारावर समोरून एसटी आली तर मागे कोणी घ्यायचे हा प्रश्न पडतोच. तेव्हा तिथल्या रस्त्यांची सवय असलेला चालक बरोबर घेणेच सोयीचे पडते.