आधी हात बसवा, मग डबा लावा

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, चाकणला २००९ साली फोक्सवॅगन. कारखान्यांमागोमाग परप्रांतीय कामगार आले आणि डब्याचा धंदा वाढला. आपल्या घरांत पुलाव-सालन हातखंडा. इडली मात्र नवखी. आम्ही घरी करून पाहिली. चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद. थंडीमुळे पीठ रात्रभरात फुगले नाही. इडल्यांचे दगड झाले. पुढच्या खेपेस पीठ उबेला ठेवून जास्त वेळ दिला, तेव्हा जमले. पहिला घाणा घरातच राहिला म्हणून नुकसान तांदूळ-उडदापुरते. गिऱ्हाइकाकडे गेला असता तर डबाच तुटला असता. नव्या बंधू-भगिनींनी एकच पदार्थ धरावा, माप व खर्च वहीत लिहावा. हात बसला की २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून मगच धंद्यात उतरावे. बरकत सचोटीतच आहे.